चारिझार्ड डुप्लिकेट निघाला, टोकन तर घेऊन बसलोय… ताई आता काय करू?

"ताई, मी १९ वर्षांचा, भांडुपला राहतो, एसवायबीकॉमला आहे. गणपतीच्या आधी माळा साफ करताना बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझी आणि मामेभावाची लहानपणीची पोकेमॉन कार्डं आहेत शे-सव्वाशे, थोडी क्रिकेट अ‍ॅटॅक्स (क्रिकेटपटूंची कार्डं), आणि काकाची डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्पची, म्हणजे आकडे लढवायच्या पत्त्यांची, गड्डी रबर लावून ठेवलेली. नेटवर बघितलं तर पोकेमॉनमधल्या चारिझार्डचं कार्ड लाखांत जातं म्हणून मी माझ्याकडच्या चारिझार्डचा एका ग्रुपवर फोटो टाकला. एका मुलाने ४००० ला फिक्स केलं आणि ५०० टोकन पण पाठवलं. मग दुसऱ्या एकाने मला पर्सनल मेसेज केला की भाई हे डुप्लिकेट आहे. ज्याने टोकन दिलं त्याला अजून माहीत नाही. ५०० मधले ३०० रिचार्जला गेले. आई म्हणते सगळं रद्दीत घाल. मला सेकंडहँड लॅपटॉपसाठी पैसे जमवायचेत आणि हे विकायचं काम खरंच शिकायचंय. सुरुवात कुठून करू?"
– बिस्किटाचा डबा, भांडुप

अरे डब्या (नाव तूच घेतलंयस हां, मी नाही ठेवलं), सुरुवात ५०० रुपये परत करण्यापासून. आज. हे पूर्ण वाचून झाल्यावर पण नाही, आत्ता. ३०० उडवलेस ते आईकडून उसने घे, मित्राकडून घे, पण त्या मुलाला मेसेज टाक की कार्ड नीट तपासलं, ओरिजिनल नाहीये, मलाही माहीत नव्हतं, टोकन परत पाठवतोय, सॉरी. एवढंच. त्यात स्टोरी नको, "मला पण कोणीतरी फसवलं" वगैरे रडगाणं नको. आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवरून आले त्याच आयडीवर परत पाठव. तो म्हणाला ना की या दुसऱ्या नंबरवर टाक, तर नाही म्हण, कारण तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून ढापलेले पैसे असे फिरवून घेणारे लोक असतात आणि मग सायबर सेलचा फोन तुला येतो.

तुझ्या मनात आलंच असेल की त्याला तरी कुठे कळतंय, मी पण लहानपणी ओरिजिनल समजूनच घेतलेलं ना. घेतलेलंस, मान्य. पण आता तुला माहीत झालंय. शिवाय मुंबईत कार्डं घेणारी-विकणारी माणसं आहेत किती? डोंबिवलीचा पोरगा बोरिवलीच्याला ओळखतो, तो वाशीच्याला ओळखतो, आणि एकाने तुझ्या नावाचा स्क्रीनशॉट टाकला की सगळ्या ग्रुपमधे संध्याकाळपर्यंत फिरतो. या धंद्यात तुझं दुकान नाही, पाटी नाही, जे काही आहे ते तुझं नाव आहे. उलट तू स्वतःहून टोकन परत केलंस ना तर तोच मुलगा उद्या कोणीतरी विचारलं की सांगेल, हा बरा आहे, याच्याकडून घे. याला ते लोक वाउच म्हणतात. पहिल्या दहा-बारा व्यवहारांत तू कमवायचंस ते हेच, पैसे जे मिळतील ते वरचे.

आता ते डुप्लिकेट ओळखायचं कसं. तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की ते शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्तातल्या पाकिटातलं असणार, दोरीला पाकिटांची माळ टांगलेली असते ती. आपल्याकडे बहुतेकांच्या लहानपणीचा माल तोच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि हल्ली तर सोनेरी चकचकीत प्लॅस्टिकसारखी कार्डं सगळीकडे मिळतात, सिग्नलला पण बघितलीत मी, तीही डुप्लिकेट. (खरी धातूची कार्डं कंपनीने काढलीत, २०२१ च्या सेलिब्रेशन्स नावाच्या सेटच्या मोठ्या बॉक्समधे पिकाचू आणि चारिझार्ड होते, पण ती हातात घेतली की वजनानेच कळतात आणि ती भांडुपच्या माळ्यावर सापडत नाहीत.)

डब्यातलं एक साधं, कुणालाही नको असलेलं पण नक्की ओरिजिनल कार्ड शोध. नसेल तर कुठल्यातरी कलेक्टरकडून एखादं फालतू कॉमन कार्ड मागून घे, कोणीही देतो. मग बाकीची सगळी त्याच्या शेजारी ठेवून बघायची. आधी पाठ बघ. खऱ्याची पाठ गडद निळी असते, डुप्लिकेटची फिकी नाहीतर जांभळट, धुतल्यासारखी. मग खोलीत अंधार कर आणि मोबाइलचा टॉर्च मागून लाव. ओरिजिनल कार्डाच्या पोटात एक काळपट थर असतो त्यामुळे उजेड फार आरपार येत नाही, डुप्लिकेट मात्र आकाशकंदिलासारखं उजळतं. मग अक्षरं वाच, नुसती बघू नको, वाच. पोकेमॉन शब्दातल्या ई वर तिरकी रेघ आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, नावाशेजारचा एचपीचा (ताकदीचा) आकडा अचाट मोठा तर नाही ना. नवीन फुल आर्ट (कार्डभर चित्र असलेल्या) कार्डांवर बोट फिरवलं तर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा लागतात, डुप्लिकेट गुळगुळीत असतं आणि नुसतं इंद्रधनुष्य मारतं. एकाच खुणेवर निकाल लावू नको पण, छपाई थोडीफार इकडेतिकडे ओरिजिनलमधे पण होते. तीन-चार गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या की समजून जायचं. यूट्यूबवर कार्ड मधून फाडून बघायची पण टेस्ट दाखवतात, ती करू नको बाबा, खरं निघालं तर रडशील.

जी डुप्लिकेट निघतील ती वेगळी काढ आणि विकू नको. "फेक आहे" असं लिहून स्वस्तात पण नको, कारण तुझ्याकडून घेणारा पुढे ओरिजिनल म्हणूनच विकतो. बिल्डिंगमधल्या पोरांना खेळायला दे.

जी खरी राहतील त्यांचा खालचा कोपरा बघायचा. तिथे आकडा असतो, समजा ४/१०२, म्हणजे १०२ कार्डांच्या सेटमधलं चौथं. शेजारी गोल असेल तर कॉमन, चौकट असेल तर अनकॉमन, चांदणी असेल तर रेअर. आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला, म्हणजे २०१/१९८ असं काहीतरी, तर ते कार्ड आधी स्लीव्हमधे (कार्डाच्या पातळ प्लॅस्टिकच्या कव्हरात) घाल आणि मग पुढचं बघ, ते सीक्रेट रेअर असतं, म्हणजे सेटच्या मोजणीबाहेरचं दुर्मीळ कार्ड. इथे नवीन लोक अजून एक घोळ हमखास घालतात तो सांगते. जुन्या कार्डांवर तळाला बारीक अक्षरात १९९५ लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक जाहिरात टाकतात, "१९९५ चं दुर्मीळ कार्ड"! अरे ते कॉपीराइटचं वर्ष आहे. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळच जपानमधे १९९६ मधे आला आणि इंग्लिश बेस सेट, म्हणजे पहिला सेट, १९९९ मधे. असली जाहिरात दिसली की कलेक्टर लोक एकमेकांना पाठवून हसतात. चारिझार्डचं तर अजूनच आहे, ४/१०२ हा बेस सेटचा, पण २०१६ च्या इव्होल्यूशन्स सेटमधे अगदी तसाच दिसणारा काढला त्याचा नंबर ११/१०८, आणि २०२१ मधे परत ४/१०२ च नंबर ठेवून काढला पण त्यावर पंचविसाव्या वाढदिवसाचा शिक्का मारला. तिन्ही ओरिजिनल, चित्र एकच, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे "माझ्याकडे चारिझार्ड आहे" या वाक्याला काही अर्थ नसतो, कुठला चारिझार्ड ते सांगावं लागतं.

आणि ते लाखांचं. बातम्या खऱ्या असतात, खोटं नाही ते. ऑगस्ट २०२२ मधे अमेरिकेत बेसबॉलचं एक कार्ड, टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मॅन्टलचं, १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण ते एवढं महाग का ते ऐक. टॉप्सचे साय बर्जर म्हणून होते, त्यांनीच ते कार्ड बनवलेलं, आणि तेच सांगायचे की त्या वर्षीची न खपलेली खोकी गोडाऊनमधे पडून होती ती शेवटी १९६० मधे बोटीवर चढवून समुद्रात बुडवली. बाकीची पोरांनी सायकलच्या चाकात लावून फाडली आणि आयांनी कचऱ्यात घातली. म्हणजे जगभरच्या तुझ्या आईसारख्या आयांनी रद्दीत घातली म्हणून उरलेली महाग झाली! तुझ्या डब्यातली कार्डं मात्र सगळ्यांनीच जपून ठेवलीत, कारण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की पुढे पैसे येतील.

म्हणून भाव बघताना लोक काय मागतायत ते बघायचं नाही, काय मिळालं ते बघायचं. ईबेवर सर्च केल्यावर फिल्टरमधे सोल्ड आयटम्स असतं, ते लावलं की खरोखर विकलेल्याचे आकडे दिसतात. मागणारा काय, उद्या मी पण माझ्या चपलेचे दहा लाख मागेन. अमेरिकेतले भाव टीसीजीप्लेअर या साइटवर कळतात, युरोपातले कार्डमार्केट या साइटवर, पण ते डॉलरने गुणून इथे मागू नको. इथे गिऱ्हाईक कमी, आणि जो आहे तो पण हेच आकडे बघून आलेला असतो. भारतातल्याच ग्रुपमधे तेच कार्ड तशाच कंडिशनमधे गेल्या महिन्यात कितीला गेलं ते शोध, पाच-सहा विक्रीचे आकडे मिळाले की मधला पकड. सुरुवातीला त्यापेक्षा थोडं खालीच ठेव. नवीन माणसाकडून घेण्यात रिस्क असते, त्या रिस्कचा डिस्काउंट समजायचा तो.

बाकीच्या डब्याचं पटकन सांगते. मामेभावाला फोन कर, कार्डं तुझी "आणि त्याची" असं तूच लिहिलंयस, मग त्याला न विचारता कसं विकतोस? काकाला पण विचार. मामाकडे दिवाळीला तोंड दाखवायचंय ना तुला. क्रिकेट अ‍ॅटॅक्समधे साधी कार्डं एकेक करून विकत बसू नको, पोस्टाचा खर्च कार्डापेक्षा जास्त होईल, टीमप्रमाणे लावून लॉट कर. चमकणारी, आणि धोनी, कोहली, सचिन वगैरे तेवढी वेगळी काढ. पोकेमॉनच्या कॉमन कार्डांचं पण तेच, त्याला बल्क म्हणतात, वजनावर विकल्यासारखं एकगठ्ठा जातं. ट्रम्पच्या गड्डीकडे मी शेवटी येते.

कंडिशनबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं, कारण आपण मुंबईत राहतो आणि मुंबईची हवा म्हणजे कार्डांची सवत आहे. चमकणारं कार्ड असतं ना, त्यात एका बाजूला फॉइलचा थर आणि बाकी कागद. कागद दमट हवा पितो, फुगतो, फॉइल फुगत नाही, मग कार्ड धनुष्यासारखं वाकतं. जून ते सप्टेंबर नुसतं कपाटात ठेवलं तरी होतं. यावर उपाय म्हणून कोणी इस्त्री फिरवतं, कोणी उन्हात ठेवतं, देवा! तसलं काही करू नको. स्लीव्हमधे घाल, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव (नवीन बुटांच्या बॉक्समधे, बॅगेत येतात त्याच, आईला फेकू देऊ नको), वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेव आणि आठवडाभर विसरून जा. महिनोन्‌महिने पण नको, अति सुकलं की उलटं वाकतं. पत्र्याच्या डब्याच्या तळाला गंज असेल तर कार्डं आजच बाहेर काढ, गंजाचा डाग जात नाही. आणि ते रबर काढ रे आधी! रबरामुळे गड्डीतल्या वरच्या-खालच्या पत्त्यांच्या कडेला खाच पडते, आणि उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं ते वेगळंच.

साफ करायला जाऊ नको. पुसायचं झालंच तर चष्म्याचं कोरडं फडकं हलक्या हाताने, पाणी नाही, कोलीन नाही, खोडरबर नाही. आम्ही चाळीत ट्रम्प खेळताना पत्ते सटकावेत म्हणून पावडर लावायचो, पॉन्ड्सची, अजून माझ्या काही पत्त्यांना तो वास आहे. तसली आमच्यासारखी कार्डं नियर मिंट म्हणून विकायची नाहीत एवढं तुला कळतंच असेल. नियर मिंट म्हणजे पॅक फोडलं आणि सरळ स्लीव्हमधे गेलं असं कार्ड. लहानपणी खेळलेलं कार्ड हे खेळलेलंच असतं. कडेला पांढरं दिसायला लागलं की ते प्लेड. शंका आली की एक पायरी खालचीच सांगायची. गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा बरं कार्ड मिळालं तर तो कधीच भांडत नाही.

फोटो खिडकीत काढ, सकाळचा उजेड, ट्यूबलाइटखाली नाही आणि फ्लॅश तर नाहीच. खाली काळा कपडा, नाहीतर शाळेच्या युनिफॉर्मची निळी पँट पण चालेल, मी चेष्टा नाही करत. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे जवळून, आणि होलो (चमकणारं) असेल तर कार्ड तिरकं धरून एक, म्हणजे ओरखडे दिसतात. शेजारी चिठ्ठीवर तुझं नाव आणि तारीख लिहून ठेव, त्यावरून कळतं की कार्ड खरंच तुझ्या हातात आहे, दुसऱ्याचा फोटो उचललेला नाहीये. जो डाग आहे त्याचा फोटो पहिला टाकायचा. तुला वाटेल याने कोण घेईल, पण उलटं होतं, लोक बघतात की याने स्वतःच खोट दाखवली म्हणजे बाकी ठीक असणार.

विकायचं कुठे, तर आपली ईबे इंडियाची साइट २०१८ मधेच बंद झाली, आता ईबेवर विकायचं म्हणजे परदेशात पाठवायचं, आणि तू त्या फंदात पहिलं वर्षभर तरी पडू नको. कस्टम्स, परदेशातलं रिटर्न, कमिशन, आणि अमेरिकेने तर ऑगस्ट २०२५ पासून छोट्या पार्सलवरची ड्यूटीची सूटच काढून टाकली. तुझ्यासाठी फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे भारतातल्या कलेक्टर लोकांचे ग्रुप पुरे. ग्रुपमधे गेल्या गेल्या माल टाकू नको, दोन आठवडे नुसता बस, कोण कसं बोलतं, कोणाला शिव्या पडतात, का पडतात ते बघ. ओएलएक्सवर टाकशील तर "लास्ट प्राइस" विचारणारे शंभर येतील, त्यातला घेणारा एखादाच.

पहिले व्यवहार मुंबईतल्या मुंबईत हातोहात कर असं मी सांगेन. दादर नाहीतर ठाणे, दिवसाढवळ्या, स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ नाहीतर मेट्रो स्टेशनवर जिथे गर्दी आहे आणि कॅमेरे आहेत तिथे. स्टेशनच्या आत भेटणार असाल आणि तुझ्याकडे पास नसेल तर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढ, टीसीने धरलं तर सगळा नफा तिथेच जाईल. संध्याकाळी सहानंतर दादरच्या पुलावर उभं राहून कोणाला कार्ड दाखवायचा प्रयत्न केलास तर कार्ड राहिलं, तू पण परळला पोचशील. समोरच्याला कार्ड तपासायला वेळ दे, टॉर्च मारू दे, त्याने टॉर्च मारला म्हणून तोंड वाकडं करू नको. घरी कोणाला बोलवायचं नाही. आणि महाग काही असेल तर मामेभावाला सोबत ने, नाहीतरी अर्धा माल त्याचाच.

पैशाच्या बाबतीत तीन-चार गोष्टी डोक्यात पक्क्या बसव. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. कोणी म्हणालं मी क्यूआर पाठवतो, स्कॅन कर, पिन टाक, की तुला पैसे येतील, तर फोन ठेव. तो बहुतेक वेळा "मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, मुलासाठी हवंय" असं सांगेल, आयकार्डचा फोटो पण पाठवेल, भाव पण करणार नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक बघितलं की मुंबईच्या माणसाला तिथेच शंका आली पाहिजे खरं तर. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेचं अ‍ॅप उघडून बॅलन्स बघायचा, मगच कार्ड हातातून सोडायचं. "चुकून जास्त गेले, वरचे परत पाठव" म्हणाला तर आधी आले का ते बघ. आणि फसलासच तर लाजेने गप्प बसू नको, लगेच १९३० ला फोन लाव, सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवता यायची शक्यता जास्त.

पाठवायची वेळ आली की पॅकिंग, आणि इथे माझंच एक सांगते. काही वर्षांपूर्वी मी जुलैमधे एक होलो कार्ड पुण्याला पाठवलं, स्लीव्हमधे घातलं, टॉपलोडरमधे (कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात) घातलं, आणि वर साधं कागदी पाकीट, कारण मला वाटलं दादर ते पुणे, एका रात्रीचा प्रश्न. कुरिअरवाल्याने ते कुठेतरी भिजवलं. पाकिटाचा लगदा झालेला, टॉपलोडरच्या तोंडातून पाणी आत. तो मुलगा काही बोलला नाही, नुसता फोटो पाठवला. मी पूर्ण पैसे परत दिले आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून माझी पद्धत अशी की कार्ड पेनी स्लीव्हमधे (तीच साधी पातळ स्लीव्ह), स्लीव्ह टॉपलोडरमधे, टॉपलोडरच्या तोंडाला मास्किंग टेप (सेलोटेप नाही, तो चिकट राहतो) आणि टेपचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे उघडणाऱ्याला नखं लावावी लागत नाहीत, मग ते सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, मग दोन बाजूंनी जाड पुठ्ठा, आणि मग बबलचं पाकीट. पुठ्ठ्यासाठी पैसे घालवू नको, घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, जाडजूड सोनेरी गणपतीवाल्या, त्यांच्याएवढं कडक काही नाही. आमच्या नात्यातल्या अर्ध्या लग्नांच्या पत्रिका आता भारतभर पोचल्यात.

पॅक करताना एका दमात व्हिडिओ घे, कार्डाच्या दोन्ही बाजू दाखवून पाकीट चिकटवून पत्ता दिसेपर्यंत, मधे कट नाही. समोरच्याला पण सांग की उघडताना व्हिडिओ काढ. स्पीड पोस्टने पाठव, रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय, ट्रॅकिंगचा नंबर मिळतो तो लगेच त्याला पाठव. पावती जपून ठेव, माल पोचला असं त्याने सांगेपर्यंत फेकायची नाही. पोस्टाचे पैसे कोण देणार ते भाव ठरतानाच बोलायचं, नंतर नाही, अर्धी भांडणं त्या पोस्टाच्या पैशांवरून होतात.

ग्रेडिंगचं तू विचारलं नाहीस पण पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून सांगते, पीएसए वगैरे कंपन्या कार्डाला १ ते १० मार्क देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात, आणि ९ आणि १० मधेच भावात प्रचंड फरक पडतो. पण अमेरिकेला पाठवा, फी भरा, महिनोन्‌महिने थांबा, हे बिस्किटाच्या डब्यातल्या खेळलेल्या कार्डांसाठी नाही. टॅक्सचं पण एवढंच, घरातला जुना डबा विकणं वेगळं आणि माल आणून आणून विकणं वेगळं. दुसरं चालू केलंस की जीएसटी, इन्कम टॅक्स सगळं येतं, त्यातून परराज्यात माल विकायचा तर जीएसटीचे नियम अजून कडक आहेत. बीकॉमला आहेस, कॉलेजच्या सरांनाच विचार, त्यांना पण बरं वाटेल कोणीतरी काहीतरी विचारलं.

लॅपटॉप होईल का यातून? खरं सांगू का, बहुतेक नाही. कीबोर्ड-माउस होईल, कदाचित बॅग होईल. आईला सांग की रद्दीवाल्यापेक्षा नक्की जास्त येतील, आणि दिवाळीपर्यंत डब्याचा निकाल लावतो, तो माळ्यावर परत जाणार नाही असा शब्द दे, तिचं खरं दुखणं ते आहे, ती गेली दहा वर्षं त्या डब्याखालची धूळ पुसतेय.

आता ती ट्रम्पची गड्डी. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन, बरोबर ना? सुटे पत्ते विकू नको, पूर्ण गड्डी असेल तरच कोणी घेतं, आणि घेणारे सगळे माझ्या वयाचे, पंचेचाळिशीकडे झुकलेले, ज्यांना खेळायचं नसतं, फक्त पुन्हा एकदा हातात धरायचं असतं. मोज आणि बघ पूर्ण आहे का. माझी पूर्ण नाहीये. १९९४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत गिरगावात समोरच्या खोलीतल्या एका मुलाने "बघायला" म्हणून माझा योकोझुना (डब्ल्यूडब्ल्यूएफमधला अगडबंब पैलवान) नेला आणि ते लोक जागा विकून विरारला गेले तरी परत दिला नाही. वेट म्हटलं की योकोझुना, तो हातात असला की समोरचा आधीच पत्ता टाकायचा. काकाच्या गड्डीत योकोझुना एकाला दोन निघाले, आणि काका हो म्हणाला, तर कंडिशन खरी सांग, कोपऱ्यांचे फोटो पाठव, भाव सांग. शनिवारी सकाळी दादरला येते मी, टॉर्च घेऊन.